रायफल मी चालवणार आहे, नवरा नाही

मंडळी, मघाशीच शूटिंग क्लबमधून अल बर्शाला घरी आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

पुढच्या महिन्यात क्लबची स्पर्धा आहे. त्यासाठी भाड्याने सेमी-ऑटोमॅटिक रायफल निवडायची होती. नवरा, संदीप, सोबत होता. त्याने जन्मात बंदूक धरलेली नाही. पण काउंटरवरचा माणूस त्यालाच सांगत होता, "सर, मॅडम के लिए ये नयी वाली लीजिए. हल्की है, दिखती भी अच्छी है."

भाडं मात्र शेजारी ठेवलेल्या जुनीच्या दुप्पट! मी म्हटलं, "भैया, चलानी मुझे है. दोनों दीजिए, और गोलियां एक ही डिब्बे की."

चालवून पाहिलं तर नवीत दोनदा काडतूस अडकलं आणि गोळ्या निशाण्याच्या कागदभर विखुरल्या. जुनी एकदाही अडली नाही. तिची सगळी छिद्रं एका दिरहामच्या नाण्याखाली झाकली गेली असती.

तरी तो पुन्हा संदीपकडेच वळला. "सर, लेडीज को ये भारी पड़ेगी."

संदीप म्हणाला, "मुझसे क्या पूछते हो? मुझे इसमें कुछ नहीं समझता."

सोबत आलेली लेक कुजबुजली, "आई, एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत की!"

जुनीच घेतली. जड आहे, मान्य. पण घरातला गॅस सिलिंडर मीच उचलते.

मग काउंटरवाल्याने न विचारता माझं नाव स्पर्धेच्या महिला गटात लिहिलं. मी ते खोडायला लावलं आणि खुल्या गटात घालून घेतलं. हरले तर हरले, पण सगळ्यांसमोर हरेन.

बायांनो, तुमच्या वस्तूबद्दल नवऱ्याशी बोलणाऱ्यांना तुम्ही काय ऐकवता?