तीन शनिवारांचं तेल

माझ्या मावशीला उभ्या आयुष्यात एकदाच शंका आली होती. ती खोटी ठरली, तेव्हापासून तिने शंका घेणंच बंद केलं.

गेली सतरा वर्षं ती स्वतःच्या पिकअपमधून काचा पोचवते. खिडक्यांच्या, दुकानांच्या, आरशांच्या. गाडीच्या मागे लाकडी घोडी बसवलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांना काचा उभ्या टेकवायच्या, मध्ये जुन्या ब्लँकेटचे तुकडे घालायचे आणि पट्ट्याने आवळायच्या. रस्त्यातला खड्डा चाकाखाली येण्याआधी मावशीच्या मणक्याला कळतो. सतरा वर्षांत तिची एकच काच फुटली, तीसुद्धा उतरवून घेणाऱ्याला शिंक आली म्हणून. तो प्रसंग ती आजही सांगते, शिंकेच्या आवाजासकट.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी. गळ्यात मोजपट्टी जेवतानाही असते. माप घेतल्याशिवाय हा माणूस रुमालसुद्धा कापणार नाही. दर शनिवारी दुपारी काका शिलाई मशीनला तेल देतात, आणि तेच फडकं खांद्यावर टाकून अंगणात येतात. बॉनेट उघडायचं, डब्यातलं अर्धा लिटर तेल पिकअपच्या इंजिनात ओतायचं, बॉनेट मिटायचं. इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग गेलेलं होतं, त्यामुळे ओतलेलं तेल आठवडाभरात झिरपून जायचं. काकांचा हिशेब सोपा होता. घरात दोन मशिनं, दोघींना शनिवारी तेल.

काका पिकअपला बाईसाहेब म्हणत. आणि थंडी पडली की बाईसाहेब अंथरुणातून उठत नसत.

मग अख्खी गल्ली स्वेटर घालून धक्का मारायला यायची. सेनापती म्हणजे शेजारचे निवृत्त हेडसर. ते घसा खाकरून "एक, दोन" म्हणायचे आणि लोक दोनलाच ढकलून मोकळे व्हायचे. हेडसरांचा तीन कित्येक वर्षं घशातच राहिला होता.

रिकाम्या गाडीला हे चालायचं. पण काचा लादलेल्या गाडीला धक्का मारता येत नाही. क्लच सोडताना जो हिसका बसतो, त्यात मागचा सगळा माल एका आवाजात संपतो. म्हणून थंडीत मावशी फक्त दुपारची कामं घ्यायची.

यंदा मात्र काचेच्या वखारीच्या मालकांनी डोंगरावरच्या हॉस्पिटलचं काम पुढे केलं. नव्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या.

"काम तुमचंच आहे ताई," ते म्हणाले. "पण संध्याकाळी माल भरायचा आणि सकाळी सातला वर हजर. तिथले कारागीर थांबत नाहीत. एक दिवस जरी तुमची गाडी रुसली तर मी मोठा ट्रक लावीन. मग राग मानायचा नाही."

"राग कशाला मानू? ट्रकवाल्याला निरोप द्या, झोप म्हणावं निवांत."

एवढं बोलून ती तडक फिटरकडे गेली. फिटरचा आणि तिचा सतरा वर्षांचा स्नेह, त्यामुळे दोघं एकमेकांशी भांडणाच्याच सुरात बोलतात.

"बॅटरी नवी आहे, हीटर प्लग नवे आहेत, तरी उठत नाही," मावशी म्हणाली. "तुला काय कळतंय की नाही?"

"मला गेल्या वर्षीच कळलं होतं. तुम्ही ऐकाल तर ना. तुमचं ते तेल थंडीत काकवीसारखं होतं. स्टार्टरला इंजिन फिरवणं म्हणजे चिखलातून म्हैस ओढणं. सिंथेटिक घाला. गारठ्यातसुद्धा पातळ राहतं."

"घाल मग. वाट कसली बघतोस?"

"आधी झाकणाचं पॅकिंग बदलतो. नाहीतर पातळ तेल तिथून पळ काढेल. आणि हे तेल आतला जुना मळ धुऊन काढणार, म्हणजे लवकर काळं होणार. घाबरून फोन करायचा नाही. हजार किलोमीटरला हे काढून परत नवं भरू."

मावशीने त्याच दिवशी दोन डबे घेतले, एक आत्ताचा आणि एक हजार किलोमीटरचा.

गल्लीत बातमी पसरली आणि गल्लीला वाईट वाटलं. हेडसर म्हणाले, "जुन्या इंजिनाला असलं भारी तेल सोसत नाही. आतला मळ हाच त्याचा आधार असतो."

"सर, तुम्ही रोज आंघोळ करता," मावशी म्हणाली. "अजून उभे आहात ना?"

तीन आठवडे बाईसाहेब किल्ली लावल्याबरोबर उठत होत्या. मावशी गल्लीतून जाताना उगाचच एकदा हॉर्न द्यायची.

आणि ज्या रविवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या पहिल्या काचा भरायच्या होत्या, त्याच सकाळी गाडी कुंथत कुंथत सुरू झाली आणि मागून निळसर धूर निघाला. धूर हेडसरांच्या खिडकीपर्यंत गेला. ते त्याची वाटच बघत होते की काय कोण जाणे, कारण लगेच ते फाटकाशी हजर.

"मी बोललो होतो."

"तेल चुकलेलं नाही," मावशीने इंजिन बंद केलं. "माणूस चुकलाय. कुठला, तेवढं बघायचंय."

दहा मिनिटं थांबून तिने तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मधे हवं. इथे ते वरची खूण ओलांडून बोटभर वर चढलं होतं. तिने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा आत मशीनवर वाकलेल्या काकांकडे.

"अहो, जरा बाहेर या. शनिवारी काय काय करता तुम्ही?"

काकांनी चष्मा वर केला. "मशीनला तेल."

"आणि?"

"आणि बाईसाहेबांना. अर्धा लिटर. नेहमीचंच." मग मावशीच्या हातातली पट्टी पाहून त्यांचा आवाज मोजपट्टीसारखा गुंडाळला गेला. "का गं? ती आता पीत नाही का?"

"पॅकिंग बदललंय! थेंब गळत नाही. तीन शनिवार झाले, म्हणजे दीड लिटर जास्तीचं घातलंत, तेही जुनं घट्ट. माप न घेता?"

शिंप्याला याहून मोठी शिवी नाही. काका पायरीवर बसले. "तिला उपाशी कसं ठेवायचं म्हणून," एवढंच म्हणाले. मावशी काहीतरी टाकून बोलणार होती, पण त्याऐवजी तिने फिटरला फोन लावला.

फिटर चपला फटफटवत आला, पट्टी बघून पोट धरून हसला. "इंजिनाला अजीर्ण झालंय, दुसरं काही नाही. जास्त झालेलं तेल आतला फिरता दांडा घुसळायला लागला की फेस येतो, धूर होतो. बरं झालं, आठवडाभर असं नाही हाकललंत."

"संध्याकाळी माल भरायचाय. थोडक्यात बोल."

"सगळं काढू. नाहीतरी हजार किलोमीटर होतच आले होते. दुसरा डबा आहे ना?"

"मी आधीच घेऊन ठेवलाय," मावशी म्हणाली, जणू काकांचा पराक्रमही तिच्या योजनेतच होता.

काळंभोर तेल परातीत उतरलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. या वेळी पट्टी काकांच्या हातात होती. फिटर थोडं थोडं ओतत होता आणि काका वाकून "अजून… अजून… बास!" करत होते, अगदी बाही बेतावी तसे.

सोमवारी पहाटे अंगणातल्या बादलीतलं पाणी वरून गोठलं होतं. पिकअपवर चोवीस काचा उभ्या होत्या. धक्का मारता येणार नाही हे ठाऊक असूनही गल्ली स्वेटर घालून आली होती. सवयीने, आणि थोडं तमाशाच्या आशेने.

काकांनी पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली, टॉर्चच्या उजेडात मोजपट्टी लावून पाहिली आणि मावशीला म्हणाले, "मापात आहे. बस."

हेडसरांनी घसा खाकरला. "एक…"

मावशीने किल्ली फिरवली. बाईसाहेब पहिल्याच हाकेला उठल्या. धूर नाही, कुंथणं नाही, मागची एकसुद्धा काच किणकिणली नाही. लोकांचे ढकलायला काढलेले हात तसेच हवेत राहिले, मग हळूहळू खिशात गेले.

काच खाली करून मावशी म्हणाली, "सर, तुमचे दोन आणि तीन राहिलेत. आता सावकाश म्हणून घ्या, मध्ये कुणी येत नाही."

पावणेसातला ती डोंगरावर पोचली होती. ट्रकवाला अजून झोपलेलाच असणार.