धुक्यावरची भेकरं

मामाच्या गावाखालची दरी सकाळी धुक्याने काठोकाठ भरायची आणि त्या धुक्यावरून भेकरांचा कळप पलीकडच्या डोंगरावर चालत जायचा. पावलांचा आवाज होत नसे. एकदा आमची कुत्री चंपी त्यांच्यामागे निघाली. मी ओरडणार, तोच मामाने माझं तोंड दाबलं.

"हाक मारू नकोस," तो कुजबुजला. "नाव ऐकलं की तिला स्वतःचं वजन आठवेल."

दरीच्या मध्यावर चंपी थांबली आणि वळून आमच्याकडे बघत राहिली. आपल्या हाकेलाही भार असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ऊन चढलं, धुकं विरळ होऊ लागलं. मामाने माझ्या तोंडावरचा हात काढला नाही. अखेर ती कळपामागे गेली. पलीकडच्या रानात शिरताना तिने भुंकायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.