जन्माचं ठिकाण

"कागद तिथंच ठेव. उंबऱ्यावर," मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून म्हणाला.

मी ठेवला. इंग्लंडला जायचा पासपोर्टचा अर्ज. ड्यूटीवरून थेट एस.टी.नं आले होते, अंगावर नर्सचा पांढराशुभ्र युनिफॉर्म होता. तरी उंबऱ्यावरच. शिपायानं अर्ज उचलून आत साहेबांपुढं ठेवला. त्यांची सही लागत होती.

आम्ही बौद्ध होऊन सात-आठ वर्षं झाली होती. कचेरीला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या दवाखान्यातली मोठी सिस्टर मूळची आयर्लंडची. ती सांगायची, "पूर्वी इंग्लंडच्या दवाखान्यांना आमच्याच मुली पुरायच्या. आता पुरत नाहीत. आता जमैकाहून येतात, हिंदुस्थानातून येतात." आमच्या सातारा-सांगलीकडून तोवर विलायतेला गेलेला माणूस म्हणजे बॅरिस्टर, नाहीतर वकिलाचा डॉक्टर मुलगा. या वेळी तिकडच्या दवाखान्याचं बोलावणं माझ्या नावानं आलं होतं. माझ्या.

साहेबांनी अर्ज वाचला. "विलायतेत माणसं संपली वाटतं," म्हणाले. कारकून हसला. शिपाईसुद्धा हसला.

'जन्माचं ठिकाण' या रकान्यात मी गावाचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी पेन उघडलं आणि त्याच्यापुढं लिहिलं, महारवाडा. मग सही केली.

"साहेब, हे कशाला?"

"तिकडं कळू दे की, कोण येतंय ते."

मी "बरं" म्हणाले.

घरी आबांना अर्ज वाचून दाखवला. आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात जाऊन आलेले. म्हणाले, "आमाला जहाजात घातलं तवा कुणी इचारलं न्हाई, कुठल्या वाड्यातला म्हणून. जाऊ दे पोरी. सही झाली न्हवं?"

जाऊ दे. तिथंच माझं डोकं फिरलं.

"आवं आबा, किती पिढ्या जाऊ द्यायचं?"

सहीसकट अर्ज फाडला.

नवा अर्ज भरला. या वेळी उंबऱ्यावर थांबले नाही. सरळ आत गेले, टेबलावर ठेवला.

"गावाचं नाव पुरं हाय, साहेब. त्याच्यापुढं काय लिहायचं न्हाई."

साहेबांनी मान वर केली नाही. "पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या आठवड्यात शिक्का सापडत नव्हता. असे पाच महिने गेले. माझ्याबरोबर शिकलेली केरळची मुलगी इंग्लंडला पोचली, तिचं पत्रही आलं. माझी जागा भरली, असं तिकडून कळलं.

सिस्टर म्हणाली, "तेव्हा तोच अर्ज पाठवला असतास तर?"

"तर तिकडंही मी महारवाड्यातच उतरले असते," मी म्हणाले.

दुसऱ्या जागेसाठी त्याच दिवशी लिहिलं. सोमवारी रजा टाकली आणि कचेरीत जाऊन साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं.

"सही द्या. नाहीतर का देत नाही, ते लिहून द्या. त्याशिवाय मी उठणार न्हाई."