परबबाईंची दृश्यता

विमानतळाच्या हवामान कचेरीत मी रुजू झाले त्या दिवशी परबबाईंनी मला खुर्चीला टेकूच दिलं नाही. “स्क्रीन मागाहून बघ. आधी गच्चीवर चल गो,” म्हणाल्या आणि गुडघे चोळत जिना चढू लागल्या. वर जाऊन बोटं दाखवायला सुरुवात: ती पाण्याची टाकी, तो मोबाइलचा टॉवर, तो घाटकोपरचा डोंगर. प्रत्येकाचं अंतर तोंडपाठ. त्यातलं लांबचं काय दिसतंय त्यावरून दृश्यता ठरवायची, म्हणजे वैमानिकाला किती दूरवरचं दिसेल ते. आमची जुनी पद्धत.

खाली धावपट्टीशेजारच्या यंत्रांचे आकडे आपोआप यायचे. साहेबांचा त्यांच्यावर भारी जीव. माणसाची भानगडच नको, रिपोर्ट थेट यंत्रातून जाऊ दे, असा प्रस्ताव त्यांनी वर पाठवलेला. मंजूर झाला असता तर गच्चीवरची ड्युटी कायमची बंद. बाई फणकारायच्या, “मशीनीक उभी केली थंयचाच दिसता. माका चारी बाजू दिसतत!”

आता बाई चुकत नसत असं मुळीच नाही. एका सकाळी त्यांनी दृश्यता घटल्याचा रिपोर्ट ठोकून दिला. मरोळची एक जुनी सोसायटी ही त्यांची खूण, ती दिसेना. दिसणार कुठून? रिडेव्हलपमेंटला पाडली होती! ऑफिसभर नुसता हशा. साहेबांना तर लॉटरीच लागली. बाई लालबुंद झाल्या, पण मान खाली घातली नाही. “चुकलंय. माझ्या तोंडाने सांगते, चुकलंय. तुमच्या मशीनने सांगितलंय कधी?” त्या संध्याकाळी मला रिक्षात कोंबून त्या अख्खं मरोळ हिंडल्या, आणखी कुठल्या बिल्डिंगा पडणार ते वॉचमनना विचारत. असा वैताग आला होता मला!

मग आली होळी. गल्लोगल्ली होळ्या पेटलेल्या, वारा साफ पडलेला. पूर्वेच्या टोकाचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पश्चिमेच्या यंत्राचा आकडा झकास येत होता. बाई गच्चीवरून धापा टाकत उतरल्या. सगळा धूर पूर्वेला बसला होता, तिकडचे दिवे दिसेनासे झाले होते. त्यांनी यंत्राचा आकडा बाजूला सारून स्वतःचा टाकला. साहेब धावत आले.

“परबबाई, मशीन क्लिअर दाखवतंय. परत बिल्डिंग पडली काय?”

“गच्चीवर या, बघा.”

“मला बघायची गरज नाही.”

“मग मशीनचा आकडा तुमच्या नावाने पाठवा. विमानात माणसं बसलीत, साहेब. माझ्या नावाने हे जाणार नाही. मेमो द्या, घरी बसवा, काय करायचं ते करा!”

साहेबांनी आपलं नाव काही घातलं नाही. बाईंचा आकडा गेला. पूर्वेकडून उतरणारा वैमानिक तो ऐकून सावध होता. धावपट्टी दिसेना म्हटल्यावर त्याने विमान वेळीच वर उचललं. बाई मटकन खुर्चीत बसल्या. पुढे साहेबांचा प्रस्ताव वरूनच परत आला.

रिटायर झाल्यावर बाई फार जगल्या नाहीत. रडले मी, घरच्या माणसासाठी रडावं तशी रडले. त्यांचे दिवस झाले आणि साहेबांनी तोच प्रस्ताव पुन्हा टेबलावर ठेवला. सगळ्यांकडे एकवार बघून म्हणाले, “आता तरी कुणाची हरकत नसावी?”

मी उभी राहिले. म्हटलं, “आहे. लिहून देते.”