आत्यांचं गवत

आत्यांनी उभं आयुष्य गवत उपटण्यात घालवलं आणि म्हातारपणी ते लावायला घेतलं. माण गावात याची पुष्कळ चेष्टा झाली. जिच्या भातखाचरात औषधालाही गवत सापडायचं नाही, ती बाई आता दारात गवताच्या ठोंबांना तांब्यानं पाणी घालते, हे बघायला शेजारणी मुद्दाम वाट वाकडी करून येत. "आत्या, यंदा भाताच्या जागी गवत का?" असं कुणी विचारलं की आत्या मान वर न करता म्हणत, "व्हय. तुमास्नीच जेवायला बोलावनार हाय."

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी लातूरहून आयटी पार्कातल्या नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांच्या इमारतीत खोली भाड्यानं घेतली. सगळे भाडेकरू घरमालकिणीला आत्या म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांची शेतं टप्प्याटप्प्यानं गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या मुलानं, बाळासाहेबांनी, मजल्यावर मजले चढवले. इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये एक पट्टा मोकळा राहिला, तिथं त्यांनी हौसेनं हिरवळ अंथरली. पण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर यायचा, आणि टँकरचं पाणी हिरवळीवर पडताना दिसलं की भाडेकरू भांडायला खाली उतरायचे. पहिल्याच मे महिन्यात हिरवळीची वाळून चटई झाली.

त्यानंतरच्या थंडीत मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर आत्यांच्या भाच्याचं लग्न होतं. मलाही त्या बरोबर घेऊन गेल्या. अक्षता पडल्या, पंगत बसली, आत्यांचा पत्ता नाही. शोधत गेले तर त्या पार्किंगपलीकडच्या उतारावर एकट्याच उभ्या होत्या. तिथं कमरेइतक्या उंच गवताचे ठोंब शोभेसाठी लावलेले होते. त्यांना जांभळट, मऊ तुरे आले होते आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात सगळा उतार हलत होता.

"आत्या, जेवण थंड होतंय," मी म्हटलं.

"भात गेल्यापास्नं वारं नुसतं लागतंय गं," त्या म्हणाल्या. "दिसत न्हाई. आज दिसलं."

तिथल्या माळ्याला गाठून त्यांनी दोन-तीन ठोंब मागून घेतले. तो म्हणाला, पहिलं वर्ष पाणी द्या, मग याला पाण्याची फारशी गरज नाही. आहेरात आलेल्या नव्या साडीत मातीसकट ते ठोंब गुंडाळून आत्या घरी आल्या.

पहिली लागवड फसली. आत्यांना भात लावायची सवय, त्यामुळे त्यांनी ठोंब फोडून वितीवितीवर लावले आणि खाचरासारखं पाणी सोडलं. निम्मे कुजले. "लई लाड झालं," म्हणत आत्यांनी उरलेले उपटले आणि हात-हात अंतर सोडून पुन्हा लावले. रस्त्याच्या कडेनं वाळा लावला, जिन्यापाशी गवती चहा. तो चहा भाडेकरूंनी खुडून खुडून बुटका ठेवला.

रविवारी आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून मुळशीच्या रस्त्याला जायचो. मागच्या सीटवर आत्या, मांडीवर खुरपं आणि पोतं. कडेला एखादं डौलदार गवत हललं की त्या माझ्या पाठीवर थाप मारत आणि मी थांबायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, आत्यांना त्याचं काही नसे. मुळाशी वाकून त्या गवताची ओळख पटवत आणि हसत. "ह्येला मी आयुष्यात लई शिव्या दिल्यात. चल बाबा आता घरी."

थंडी सरली की त्या सगळे ठोंब विळ्यानं गुडघ्याच्या खाली कापून टाकत. पट्टा बोडका दिसे. पहिल्या वर्षी मी हळहळले, तेव्हा म्हणाल्या, "वाळकं डोक्यावर ठिवून नवं कसं फुटंल?" कापलेलं गवत त्या तिथंच मुळांशी पसरत. त्यानं उन्हाळ्यात जमीन ओली राहायची आणि टँकरवाल्याकडं आत्यांना बघावंसुद्धा लागायचं नाही.

गवत चांगलं वाढलं आणि बाळासाहेबांच्या डोळ्यांत ती जागा भरली. त्यांना तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवून पार्किंग करायचं होतं. "आये, भाडेकरूंना गाड्या लावायला जागा पायजे," ते म्हणाले.

"खोल्या मानसांना दिल्यात का गाड्यांना?" आत्या म्हणाल्या.

एका सकाळी ब्लॉकचा टेम्पो दारात आला. आत्यांनी गवताच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि लसूण सोलायला बसल्या. कामावर आलेली बिहारची पोरं हिंदीत विचारायची, आत्या मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघांनाही सगळं समजत होतं. आत्यांनी त्यांना चहा पाजला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, पण खुर्ची हलवली नाही. दुपारपर्यंत बाळासाहेबांनी हार मानली आणि ब्लॉक मागच्या अंगणात बसवून घेतले.

त्या पावसाळ्यात मागच्या अंगणातलं पाणी मुरायला जागाच राहिली नाही. ते तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरलं. पुढं गवताच्या पट्ट्यात मात्र पाऊस पडत होता आणि जिरत होता. बाळासाहेब दिवसभर बादल्यांनी पाणी उपसत होते. आम्हाला वाटलं, आता आत्या त्यांना सोडत नाहीत. पण त्यांनी फक्त लेकाच्या चहात साखर जास्त घातली. पाऊस उघडल्यावर बाळासाहेबांनी भिंतीकडची ब्लॉकची एक ओळ स्वतः उखडली आणि खाली बघत म्हणाले, "आये, चार ठोंब दे."

पुढं माझं लग्न ठरलं, आम्ही बावधनला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढत होतं आणि आत्या ड्रायव्हरला रागावत होत्या. निघताना त्यांनी माझा हात धरला. "बावधन काय लांब हाय? आन् तुजी खोली मी लगीच कुनाला तरी देनार. रिकामी खोली बघवत न्हाई मला." बाळासाहेबांनी नंतर सांगितलं, की आत्यांनी त्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि आलेली माणसं काही ना काही खोट काढून परत पाठवत होत्या.

बावधनच्या आमच्या सोसायटीतही हिरवळीवरून दर उन्हाळ्यात भांडण होई. शेवटी एका वाफ्यात गवत लावून बघू, असं ठरलं. मी आत्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या पोतं घेऊन रिक्षातून उतरल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या. आमचे चेअरमन, शिस्तीचे गृहस्थ, घाईघाईनं खाली आले. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी मातीचे हात झटकले. "मी हिची घरमालकीण."

चेअरमन माझ्याकडे बघू लागले. फ्लॅट माझ्या नावावर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं, "या आमच्या घरमालकीण."