संकासुराचं बोलावणं

फुकट म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात. भाजीवाल्याने वर चार काड्या कोथिंबीर टाकली, तरी माझे वडील ती उलटसुलट करून बघतात. मीही त्यांचीच मुलगी. त्यामुळे भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत अंधेरीहून एक तरुण बाई आली आणि म्हणाली, "आम्ही इथे नमनाचा वर्ग सुरू करतोय, फी काही नाही," तेव्हा मी आधी तिचं आयकार्ड मागितलं. तिने हसत दाखवलं. हसली म्हणून मला जास्तच शंका आली.

नमन हा आमच्या रत्नागिरीकडचा खेळ. आधी देवांची आळवणी, मग गवळण, मग सोंगं, आणि त्या सोंगांत काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा, लांब दाढीचा संकासुर. गावची माणसं कामाला मुंबईत आली तसा खेळही आला. आमच्या चाळीत पुरुषांचा चांगला संच होता. पुढे कुणी घर विकून बदलापूरला गेलं, कुणी देवाघरी गेलं, आणि मृदंग पोटमाळ्यावर पडून राहिला.

बाबा संचातले गाणारे. संकासुर बाहेर यायच्या आधी मृदंग एकदम थांबतो आणि गाणारा एकटा त्याला लांबलचक हाक घालतो. तिला आम्ही बोलावणं म्हणतो. हे बोलावणं आमच्या घराचं, पणजोबांपासून चालत आलेलं. आता ते फक्त बाबांना येत होतं. मला भाऊ नाही. चुलतभावाला शिकवायला घेतलं होतं, तो पंधरा दिवसांत कंटाळून क्रिकेटला पळाला. मला कधी कुणी विचारलंच नाही, कारण मुलगी परक्या घरी जाते आणि घरचं बोलावणं तिच्याबरोबर परक्या घरी जाईल. माझं परकं घर मुलुंडला आहे. भांडुपहून रिक्षा करावी तर मीटर नीट तापायच्या आत येतं, आणि रोज दुपारी मी बाबांकडेच असते. पन्नाशी उलटली तरी ही गोष्ट मला लागते, आणि लागते ते सांगायला मी लाजत नाही.

चाळीत त्या बाईबद्दल हरतऱ्हेच्या शंका होत्या. शेजारची काकू म्हणाली, "बिल्डरची माणसं असणार गं. आधी नाचवतील, मग सह्या घेतील." बाबांना बिल्डरचं काही वाटत नव्हतं. त्यांची नजर होती त्या बाईच्या मोबाइलवर. वर्ग शाळेच्या हॉलमध्ये भरणार होता, आणि तिथे ती तो एका तिपाईवर लावून सगळं चित्रित करणार होती.

"हिला बोलावणं पायजे हाय," बाबा मला म्हणाले. "येकदा का त्या डबीत गेलं, की गेलं."

"मग जाऊ नका ना."

"नाय गेलो तर आपल्या गावच्या खालच्या वाडीचे जातील. ते काय शिकवनार?"

म्हणून ते गेले. वर्गात बहुतेक बायका आणि कॉलेजच्या मुली होत्या. शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या चारपाच जणी, आमच्या चाळीतल्या काही, आणि घाटकोपरहून येणारी एक गुजराती मुलगी, जिचा आवाज सगळ्यांत खडा. बाबांनी त्यांना गवळण शिकवली, पावलं शिकवली, पोटमाळ्यावरचा मृदंग काढून एकीच्या हाती दिला आणि त्याचे बोल तोंडाने म्हणून दाखवले. बोलावण्यावर आले तेव्हा मात्र त्यांनी घरी खाटेवर बसून एक नवंच बोलावणं रचलं आणि ते वर्गाला दिलं.

"खोटं दिलंय," त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "कुठंबी वाजूंदे. आपल्या मानसांनी ऐकलं की लगेच समजंल, ह्यो चोरीचा माल."

मला ती युक्ती झकास वाटली. मी माझ्या परीने त्या बाईवर पाळत ठेवली. रोज तिच्या संस्थेचं पान उघडून बघायची, आमचं काही विकायला काढलंय का. तिथे मुलींच्या पावलांचे व्हिडिओ होते आणि बशीतून चहा पिणाऱ्या बाबांचा एक फोटो. फोटो छान होता. तो छान का काढला असेल, यावर मी दोन दिवस घालवले.

पावसाळा संपता संपता मुलुंडच्या एका सभागृहात कार्यक्रम ठरला. आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची सगळी जाणती माणसं पुढच्या दोन रांगांत येऊन बसली. यातल्या निम्म्यांनी बाबांबरोबर खेळ केलेला. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्या शेजारी होते. मृदंग थांबला. घाटकोपरची मुलगी पुढे आली आणि तिने खडा आवाज लावून ते खोटं बोलावणं घातलं. बाबांनी माझा हात घट्ट धरला. आता कुणीतरी उठेल, आता ओरडेल, म्हणून आम्ही दोघं पुढच्या रांगांकडे बघत राहिलो.

शिट्ट्या वाजल्या. संकासुर उडी मारून आला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत मागे वळले आणि बाबांना म्हणाले, "अगदी तुझ्या वडलांची हाक रे! गाव उभा केलास डोळ्यांपुढं."

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "कुनालाच कळलं नाय गो बाय." मला त्या दोन रांगांचा इतका राग आला होता की मी रिक्षावाल्यावर उगाच खेकसले. इतकी वर्षं बाबांनी जपलं ते कुणाला आठवतही नव्हतं.

पुढच्या वर्गाला ते मला बरोबर घेऊन गेले. सगळ्यांना समोर बसवून म्हणाले, "मी दिलं ते खोटं होतं. आज खरं देतो."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई चिडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मग खरं द्या, आजोबा. मोबाइल बंद ठेवू?" हा गोडवाही मला पटला नाही.

"चालू ठेव," बाबा म्हणाले.

मृदंग थांबला. बाबांनी तोंड उघडलं आणि खोटं बोलावणं बाहेर आलं. ते थबकले. पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. पावसाळाभर त्यांनी तेच घोटून घेतलं होतं, आणि आता ऐंशीच्या घरातल्या त्या गळ्याला दुसरं काही सापडत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसते ओठ हलवले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

मी मागे उभी होते. तिथूनच मी बोलावणं घातलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये कुठेही न अडखळता. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मृदंगवाली थाप द्यायची विसरली.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोथिंबिरीकडे बघतात तसं.

"तुला कुनी दिलं?"

"कुणी नाही दिलं."

"मग चोरलंस?"

"हो, चोरलं," मी म्हणाले. "दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही भिंतीकडं तोंड करून म्हणायचात. मी तिथेच लसूण सोलत असायचे. कान कुठे ठेवणार होते, बाबा?"

बाबांनी बाईला विचारलं, "घेतलंस काय डबीत?"

"घेतलं," ती हळूच म्हणाली.

"पूस ते," बाबा म्हणाले आणि माझ्यासमोर येऊन बसले. "तू पुन्ना म्हन. शेवटचा सूर खाली पाडलास."

मी तो पाडला नव्हता. मला शंभर टक्के खात्री आहे, आणि त्यांनाही असणार. पण बाबा मला शिकवत होते, जन्मात पहिल्यांदा. मी गळा साफ केला आणि पुन्हा म्हणायला लागले.