लेकीच्या गावचा तलाव

गणपतकाकांनी पेला उचलला, पाण्याकडे पाहिलं आणि पेला तसाच परत ट्रेमध्ये ठेवला.

धरणाच्या भिंतीजवळ मांडव होता. दोन गावं समोरासमोर बसली होती, मधल्या खुर्च्यांवर दोन परदेशी पाहुणे. एक बाई, एक गृहस्थ. दोघांचे देश वेगळे, सरोवर एकच. त्या सरोवरावरून त्यांच्या देशांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. आता त्यांची जॉइंट कमिटी आहे. पाणी किती उरलं ते एकमेकांना कळवतात, बसतात, बोलतात. मला त्यांचा हेवा वाटत होता. आमच्याकडे बंदुका नाहीत, सरहद्द नुसती जिल्ह्याची, तरी दोन गावं एका सतरंजीवर बसवताना माझा जीव गेला होता.

तलावाची भिंत आणि साठा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात. कॅनॉलचं शेपूट जालना जिल्ह्यात. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही, दोन्हीकडे मला अजून चहा मिळतो. खालच्या गावाला एक आवर्तन हवं होतं. आवर्तन म्हणजे गेट उघडून कॅनॉलला सोडलेली पाण्याची एक पाळी. हरभरा घाट्यावर आला होता. आत्ता पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर घाटे पोकळ. वरचं गाव म्हणे, तलाव डेड स्टॉकला टेकला. डेड स्टॉक म्हणजे गेटच्याही खाली उरतं ते पाणी, जे सोडताच येत नाही. मी स्वतः जाऊन पातळीची पट्टी वाचली. खोटं बोलत होते. धडधडीत खोटं.

जिल्हा बदलला की माणसाची तहान बदलते का? हे वाक्य माझ्या पत्रकातलं. रोहिणीनं त्याचं इंग्रजी केलं, पाहुण्यांपुढं बोलली आणि टाळ्या घेऊन बसली.

रोहिणी माझी सहकारी. पाण्याच्या वाटपावर काम करणाऱ्या आमच्या संस्थेत माझ्यानंतर आली. पाहुण्यांकडे सामायिक नद्या-तलावांवर परिषद होती आणि आमच्यातल्या एकाला तिथं बोलावणं येणार होतं. गावं माझ्या ओळखीची, पत्रकं माझी, धूळ खाल्ली ती मी. इंग्रजी तेवढं तिचं. जळफळाट म्हणा, मला चालेल.

कार्यक्रमही माझाच. एकाच घागरीतलं तलावाचं पाणी दोन्ही गावांनी प्यायचं. मग वरच्या गावचे सरपंच भास्करराव आणि खालच्या गावच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष गणपतकाका, दोघांनी मिळून गेटचं चाक फिरवायचं. भास्करराव मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. घागर त्यांच्या घरची. पाणी वाढायला त्यांची सून वैशाली, म्हणजे गणपतकाकांची लेक. फोटो झकास येईल म्हणून तेही मीच ठरवलं.

भास्करराव प्यायले. काका प्यायले नाहीत.

"काऊन? आमच्या पाण्यात जहर हाये का?" वरच्या गावाकडून एक पोरगा उठला.

"नसंन प्यायचं तं गेटले हात लावू देऊ नका!" दुसरा.

मी काकांच्या कानाशी लागलो. "काका, एक घोट. हरभऱ्यासाठी."

"लेकीच्या घरचं पाणी हाय हे. मला चालत न्हाई."

आमच्याकडे काही घरांत अजून पाळतात. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी अन्नपाणी घेत नाही. वैशालीचं लग्न गेल्या उन्हाळ्यातलं.

"काका, असल्या बुरसटलेल्या रूढींनीच आपला समाज..."

"ओ साहेब, तुम्ही गप बसा," मला भास्कररावांनीच दटावलं. "व्याही बरोबर करून राह्यले."

"मग गेटचं काय?"

"नातू झाला का उघडू!" मागून कोणी तरी म्हणालं. मांडव हसला. वैशाली घागरीकडे बघत उभी राहिली.

"तवर आमचा हरभरा म्हातारा व्हईल की हो," खालच्या गावातला एक जण म्हणाला. त्यावर मात्र कोणी हसलं नाही. त्यांची माणसं उठून चपला शोधायला लागली.

पाहुणीनं विचारलं, काय झालं? रोहिणीनं तिला इंग्रजीत समजावलं. मग सरपंचांकडे वळून विचारलं, "भास्करराव, घागर कुठं भरली?"

"तलावात. अजून कुठं भरतात?"

"कोणाच्या तलावात?"

"आमच्या."

गणपतकाकांनी मान वर केली. "मग झालं. व्याह्यांचा तलाव म्हणजे लेकीच्या घरचंच पाणी. दोन्ही गावांचा असता, तर माझ्या घरचं बी झालं असतं."

चपला घातलेली माणसं थांबली. भास्करराव चेहरा पुसायला लागले. 'आमचा तलाव' हे शब्द त्यांनी प्रत्येक सभेत म्हटलेले. पण व्याही मांडवातून तहानलेला गेला, तोही पाहुण्यांदेखत, तर चार सोयऱ्यांत तोंड कुठं दाखवणार?

"बरं, दोन्ही गावचा," ते पुटपुटले.

"मोठ्यानं म्हना व्याही. माझी मानसं लांब हायेत."

"दोन्ही गावचा हाये हा तलाव! झालं समाधान?"

"झालं की."

काकांनी पेला घेतलाच नाही. ओंजळ पुढं केली. "भांडं तुमचं, पाणी आपलं." वैशालीनं घागर तिरकी केली. बाप लेकीच्या हातचं पाणी प्यायला.

मग दोघे व्याही गेटच्या चाकाला भिडले. चाक गंजलेलं. "लावा जोर, जेवले नाही का?" भास्करराव म्हणाले. "तुमच्या गावात कसा जेवू?" काकांनी सुनावलं. कॅनॉलला पाणी सुटलं.

चार-दोन दिवसांनी वरची पोरं गेट बंद करा म्हणून सरपंचांच्या दारात गेली. ते म्हणाले, "व्याह्याले चारचौघांत जबान देली. आता कोणत्या तोंडानं फिरू?" आवर्तन पुरं झालं. हरभरा भरला.

आमच्या डायरेक्टरांनी परिषदेला रोहिणीचं नाव दिलं.

"कार्यक्रम माझा होता, सर."

"तो फसला होता ना? प्रश्न तिनं विचारला."

तिकडून तिनं फोटो पाठवला. लांबलचक टेबल, दोन देशांचे झेंडे, सूटबुटातली माणसं आणि प्रत्येकापुढं बाटलीबंद पाणी. कोणी कोणाचं पाणी प्यायचं, हा प्रश्नच नाही. त्यांचं बरं आहे. तिचंही बरं आहे.

मी त्यातून इतकंच शिकलो: दोन गावांची बैठक लावायची तर आधी सोयरिकी विचारा, मग खुर्च्या मांडा. आणि जमलं तर इंग्रजी शिका.